नवशिक्याचा उंबरठा : लिनक्स आणि इंटरनेट यांच्या जोडणीचा इतिहास

एखादें कुटुंब नव्या घरांत राहावयास गेलें म्हणजे घराची शोभा नंतर पाहिली जाते. पहिला प्रश्न असतो तो पाण्याचा नळ कोठें आहे हा. संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली प्रथमच बसविणाऱ्या मनुष्याचेंही असेंच होतें. पडद्यावर चित्र उमटलें, अक्षरें दिसलीं, कीं तो पहिल्या तासाच्या आंतच विचारतो, "आतां हें यंत्र इंटरनेटला जोडावयाचें कसें?" प्रश्न वरवर पाहतां इतका साधा आहे, कीं जाणत्या मंडळींस त्याचें उत्तर देण्याचा कंटाळा यावा. परंतु गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या एकाच प्रश्नाचें उत्तर तीन-चार वेळां मुळापासून बदललें, आणि प्रत्येक वेळीं त्यांतून यंत्राची विद्या कोणाच्या हातीं असावी, या मोठ्या वादाचा एक एक भाग उघड झाला. म्हणून हा इतिहास केवळ तज्ज्ञांपुरता ठेवण्याजोगा नाहीं, असें आम्हांस वाटतें.

लिनक्स म्हणजे काय, हें प्रथम थोडक्यांत सांगितलें पाहिजे. संगणकाचे भाग पुष्कळ. त्यांचा एकमेकांशीं मेळ घालणारा जो कारभारी, त्यास कार्यप्रणाली म्हणतात. बहुतेक घरांत हा कारभारी यंत्राबरोबरच विकत येतो आणि त्याची घडण मालकास पाहावयास मिळत नाहीं. लिनक्सची गोष्ट निराळी. त्याची सारी घडण कोणीही वाचावी, हवी तशी बदलावी आणि दुसऱ्यास द्यावी, अशी परवानगी त्याच्या सनदेंतच आहे. या मोकळेपणाची दुसरी बाजू अशी, कीं अनेकदां जबाबदार धरावयास एकही दुकानदार नसतो. अडलेल्या माणसानें विचारावें तें दुसऱ्या माणसालाच.

या प्रणालीचा जन्मच मुळीं जोडणीच्या गरजेंतून झाला, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनुस टोरवाल्ड्स यानें इ. स. १९९१ च्या जानेवारींत एक संगणक घेतला. त्यावर तो मिनिक्स नांवाची छोटी कार्यप्रणाली वापरी. ती आम्स्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम यांनीं १९८७ सालीं शिकविण्याकरितां रचलेली होती. घरच्या टेलिफोनवरून विद्यापीठाच्या मोठ्या यंत्राशीं बोलावें, तेथील चर्चा वाचाव्या, ही त्याची इच्छा. परंतु मिनिक्समधील सोय त्यास पुरेना. तेव्हां त्यानें स्वतःच एक लहानशी आज्ञावली लिहिली. तिचीं कामें दोन : कळफलकावरील अक्षर मोडेमकडे पोंचविणें आणि मोडेमकडून आलेलें अक्षर पडद्यावर उमटविणें. पुढें विद्यापीठांतून आलेल्या वस्तु सांठविण्याची गरज भासली, म्हणून तबकडीवर लिहिण्याची सोय जोडली गेली. आणि असें एकांतून एक निघत जाऊन त्या टेलिफोनच्या आज्ञावलीची कार्यप्रणाली बनली. २५ ऑगस्ट १९९१ रोजीं त्यानें आपल्या उद्योगाची वार्ता मिनिक्सच्या चर्चामंडळास कळविली, आणि सप्टेंबरमध्यें पहिली आवृत्ति तेथील विद्यापीठीय जाळ्यावरील एका भांडारांत ठेवली. भांडाराचे व्यवस्थापक आरी लेम्के यांनीं त्या कप्प्यास 'लिनक्स' असें नांव दिलें. कर्त्याच्या मनांत 'फ्रीक्स' हें नांव होतें.

या कथेंत एक प्रसंग असा आहे, कीं प्रत्येक नवशिक्यानें तो लक्षांत ठेवावा. टोरवाल्ड्स एकदां विद्यापीठाशीं जोडणी करूं पाहत होता. टेलिफोन फिरविण्याची आज्ञा मोडेमकडे जावयाची, ती चुकून तबकडीकडे गेली, आणि मिनिक्स जेथें नांदत होतें तोच भाग बिघडून गेला. मिनिक्स पुनः बसवीत न बसतां आपल्या प्रणालींतच जें उणें असेल तें भरून काढावें, असा निश्चय त्यानें केला. सारांश, आज जगभर चालणाऱ्या या प्रणालीच्या जनकाकडूनही जोडणीच्या वेळींच चूक झाली होती. पुढें अनेक जाणत्यांनीं नवख्यांच्या चुकांस हंसून उत्तरें दिलीं. त्या हंसणाऱ्यांस या प्रसंगाचा विसर पडला असावा.

आतां जोडणी म्हणजे नेमकें काय, तें पाहूं. व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९७४ सालीं मांडलेल्या कल्पनेप्रमाणें संदेशाचे लहान लहान तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालावयाचा, आणि ते एका जाळ्यांतून दुसऱ्या जाळ्यांत सोडावयाचे. १ जानेवारी १९८३ पासून अमेरिकेंतील अर्पानेट या जाळ्यानें हीच पद्धति स्वीकारली. तिच्यांत भाग घेणाऱ्या यंत्रास चार गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. पहिली, स्वतःचा पत्ता. तो अंकांचा असतो. दुसरी, आपली आळी कोठपर्यंत आहे, म्हणजे कोणास थेट हांक मारावी आणि कोणास नाहीं, हें ओळखण्याची खूण. तिसरी, गांवाची वेस, म्हणजे आळीबाहेरचें टपाल ज्याच्या स्वाधीन करावयाचें त्या यंत्राचा पत्ता. चौथी, नांवांवरून अंक सांगणारा कारकून कोठें बसतो ती जागा. कारण माणसें नांवें लक्षांत ठेवतात आणि यंत्रें अंक. नांवांची ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनीं १९८३ सालीं आंखली. या चारांपैकीं एक जरी गोष्ट चुकली, तरी नवशिक्याच्या दृष्टीनें सर्वच बंद पडतें. आणि कोणती चुकली हें त्यास कळत नाहीं, हीच खरी अडचण.

लिनक्सला ही भाषा शिकविण्याचें काम एका माणसाचें नव्हतें. १९९२ सालीं रॉस बिरो यानें पहिली रचना केली. फ्रेड व्हॅन केंपेन यानें ती नव्यानें मांडली. आणि वेल्समधील स्वान्सी येथील अॅलन कॉक्स यानें तींतील दोष एकामागून एक काढून ती चालती केली. डोनल्ड बेकर यानें जाळ्याच्या तारा ज्या पट्टीस जोडल्या जातात, त्या नाना प्रकारच्या पट्ट्यांसाठीं ड्रायव्हर, म्हणजे त्या त्या भागास चालविणाऱ्या आज्ञावली, लिहिल्या. १९९२ च्या मार्च महिन्यांत टोरवाल्ड्सनें आपल्या आवृत्तीस ०.९५ हा अंक दिला, तो पूर्णत्व आतां हाताशीं आलें अशा समजुतीनें. परंतु जाळ्याचें काम अपेक्षेपेक्षां बिकट निघालें, आणि १.० ही आवृत्ति प्रसिद्ध व्हावयास १४ मार्च १९९४ हा दिवस उजाडला. उरलेल्या पांच शतांशांस दोन वर्षें लागलीं!

यानंतरचा काळ टेलिफोनचा. विद्यापीठांत जाळ्याची तार भिंतींतून येई; घरीं मात्र टेलिफोनच्या तारेवरूनच जावें लागे. त्या तारेवर तुकडे कसे चालवावे याचे दोन प्रघात पडले. पहिला 'स्लिप', १९८८ सालीं लिहून ठेवलेला, अगदीं साधा. दुसरा 'पीपीपी', १९८९ पासून घडत जाऊन १९९४ सालीं पक्का झालेला, ज्यांत दोन्ही टोकांचीं यंत्रें आधीं आपसांत अटी ठरवून घेतात. हें ठरण्यापूर्वीं मोडेमनें टेलिफोन फिरवावा, पलीकडच्या मोडेमची शीळ ओळखावी, आणि मग दारावरच्या पहारेकऱ्यास नांव व परवलीचा शब्द सांगावा, एवढें व्हावें लागे. हा सारा संवाद नवशिक्यास आगाऊ नाटकाप्रमाणें लिहून द्यावा लागे : पलीकडून 'नांव' असा शब्द आला तर आपण हें म्हणावें, 'परवली' असा आला तर तें म्हणावें. पलीकडच्या यंत्रानें एक अक्षर वेगळें उच्चारलें कीं नाटक पहिल्या प्रवेशांतच थांबे. शिवाय मोडेम कोणत्या दारावर आहे हें ओळखावयाचें. दुसऱ्या प्रणालींत ज्यास पहिलें दार म्हणत, त्यास येथें शून्यावें म्हणत. कित्येकदां तर प्रणालीचा गाभाच पुनः घडवावा लागे, आणि तें काम तासन् तास चाले.

या अडचणींतून वाट काढली ती लिहून ठेवण्याच्या संवयीनें. १९९२ सालीं मॅट वेल्श, लार्स विर्झेनियस वगैरे मंडळींनीं लिनक्सच्या माहितीचा एक सामुदायिक प्रकल्प सुरू केला. त्यांत ज्याला जें साधलें तें त्यानें क्रमवार लिहावें आणि सर्वांस वांटावें, असा नियम होता. ओलाफ किर्ख यांचा जाळ्याच्या व्यवस्थेवरील ग्रंथ याच प्रकल्पांतून निघाला. तो छापून विकला गेला आणि फुकटही वांचावयास मिळे. पुढें नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धांत केपीपीपी आणि डब्ल्यूव्हीडायल यांसारख्या आज्ञावली आल्या. त्यांतील दुसरी पहारेकऱ्याचे शब्द स्वतःच ओळखून घेई, म्हणजे नाटक लिहिण्याचा त्रास वांचला. परंतु जो कोणी तें नाटक एकदां हातानें लिहून गेला होता, त्यास पडद्यामागें काय चाललें आहे हें कळे; हा फरक पुढें महत्त्वाचा ठरणार होता.

आपल्या देशांत हा काळ कसा गेला? शिक्षणसंस्थांपुरती जाळ्याची सुरुवात १९८६ सालच्या अर्नेट योजनेनें झाली. केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्रसंघाचा विकास कार्यक्रम यांनीं ती चालविली. आणि तिच्या अगदीं आरंभींच्या जोडण्यांत मुंबईच्या जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवई येथील आयआयटी यांच्यामधील टेलिफोनची जोडणी होती. सामान्य नागरिकांस मात्र १५ ऑगस्ट १९९५ पर्यंत थांबावें लागलें. त्या दिवशीं विदेश संचार निगमनें मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथें ही सेवा खुली केली. तीत दोन प्रकारचीं खातीं होतीं. महाग खात्यांत घरच्या यंत्रास स्वतःचा पत्ता मिळे. स्वस्त खात्यांत, जें विद्यार्थ्यांस परवडे, घरचें यंत्र जाळ्यांत शिरतच नसे. निगमचें यंत्र आंत असे आणि घरच्या पडद्यावर त्याचीं नुसतीं अक्षरें दिसत. उंबरठ्याबाहेर उभें राहून घरांतील बोलणें ऐकावें, तशी ही स्थिति! अशा अक्षरमात्र खात्याचेंही पूर्ण जोडणींत रूपांतर करणारी 'स्लर्प' नांवाची युक्ति डॅनी गॅस्पारोव्स्की यानें १९९५ सालींच लिहिली होती. अर्थात् पलीकडच्या यंत्राचे मालक ती चालूं देतील तरच तिचा उपयोग.

शिवाय मुख्य अडचण अशी, कीं जी वस्तु इंटरनेटवरून घ्यावयाची ती इंटरनेट नसतांना आणावी कोठून? येथें एका इंग्रजी मासिकानें मोठें काम केलें. 'पीसीक्वेस्ट'नें १९९६ पासून लिनक्सची तबकडी अंकाबरोबर वांटण्यास आरंभ केला. या उपक्रमामागें अतुल चिटणीस हे गृहस्थ होते. त्यांचा जन्म १९६२ सालीं बर्लिन येथें झाला, शिक्षण बेळगांवांत झालें, आणि कार्य मुख्यतः बंगलोरांत घडलें. २०१३ सालीं ते निवर्तले. टेलिफोनच्या मंदगति तारेवरून जें उतरवून घेणें कोणाही मध्यमवर्गीय कुटुंबास परवडलें नसतें, तें त्यामुळें मासिकाच्या किंमतींत घरीं येऊन पडलें. १९९८ च्या नोव्हेंबरांत खाजगी कंपन्यांसही इंटरनेटची सेवा देण्याची मुभा मिळाली आणि जोडण्या वाढल्या. घरांत टेलिफोन एकच. मुलगा संगणक जोडून बसला कीं बाहेरच्या सर्व आप्तेष्टांस 'व्यस्त' असा ध्वनि ऐकूं येई, आणि महिनाअखेर येणारें बिल पाहून वडिलांचा आवाज चढे. त्या काळच्या अनेक घरांस हें चित्र ओळखीचें वाटेल.

येथवरची अडचण अज्ञानाची होती, यापुढची गुप्ततेची. मोडेमच्या अंगीं पूर्वीं स्वतःची बुद्धि असे; ध्वनीचे अंक आणि अंकांचे ध्वनि करण्याचें काम तो स्वतः करी. नव्वदीच्या उत्तरार्धांत स्वस्त मोडेम निघाले. त्यांतून ती बुद्धि काढून घेतलेली असे आणि तें काम संगणकाच्या मुख्य मेंदूवर लादलेलें असे. तें करवून घेणारी आज्ञावली कारखानदार केवळ विंडोज या प्रणालीसाठीं देत, आणि तिची घडण कोणास सांगत नसत. म्हणून लोक त्यांस 'विनमोडेम' म्हणूं लागले. लिनक्स बसविणाऱ्यानें सर्व पाठ बरोबर गिरवला तरी त्याचा मोडेम मुकाच राही, आणि दोष आपला कीं यंत्राचा हें त्यास उमगत नसे. जाणते सांगत, "बाहेरून जोडावयाचा मोडेम घ्या." सल्ला खरा होता, परंतु त्याची किंमत जास्त, आणि ती भरावी लागे नवशिक्यास.

हाच प्रकार बिनतारी जोडणींत अधिक तीव्रतेनें घडला. दोन हजारच्या दशकांत मांडीवरचे संगणक घरोघर आले आणि तारेची जागा वायफायनें घेतली. त्यांतील पुष्कळ यंत्रांत ब्रॉडकॉम कंपनीची चिप असे, आणि तिची माहिती कंपनी प्रसिद्ध करीत नसे. तेव्हां कांहीं स्वयंसेवकांनीं एक विलक्षण पद्धति अवलंबिली. एका गटानें कंपनीची मूळ आज्ञावली उलगडून चिपचें वर्णन लिहावें. दुसऱ्यानें मूळ आज्ञावली न पाहतां केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचावा. म्हणजे नक्कल केल्याचा आरोप येऊं नये. एवढें करूनही चिपच्या पोटांत घालावयाचें फर्मवेअर कंपनीचेंच लागे, आणि तें इंटरनेटवरून आणावें लागे. इंटरनेट चालावें म्हणून फर्मवेअर हवें, आणि फर्मवेअर मिळावें म्हणून इंटरनेट! वेड गेल्याशिवाय लग्न होत नाहीं आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाहीं, ही आपल्याकडील म्हण इतकी चपखल क्वचितच बसली असेल.  अखेर सप्टेंबर २०१० मध्यें त्या कंपनीनें आपल्या नव्या चिपांसाठीं खुला ड्रायव्हर प्रसिद्ध केला.

येथें खुद्द लिनक्सच्या पक्षांतच एक तात्त्विक पेंच उभा राहिला. डेबियन ही १९९३ सालीं स्थापन झालेली मंडळी आपल्या संग्रहांत केवळ मुक्त आज्ञावलीच ठेवण्याचें व्रत पाळीत आली होती. २०११ च्या फेब्रुवारींत निघालेल्या सहाव्या आवृत्तींत त्यांनीं गाभ्यांतून सर्व बंदिस्त फर्मवेअर वगळलें. तत्त्व उज्ज्वल; परंतु परिणाम असा, कीं अनेक नवशिक्यांस प्रणाली बसवितांनाच वायफाय मिळेना. ऑक्टोबर २०२२ मध्यें सभासदांचें मतदान होऊन असें ठरलें, कीं बसविण्याच्या अधिकृत तबकडींतच असें फर्मवेअर द्यावें. आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून तें अंमलांत आलें. या निर्णयास व्रतभंग म्हणणारे आहेत, आणि त्यांचें म्हणणें टाकाऊ नाहीं : आज फर्मवेअर, उद्यां आणखी कांहीं, अशी घसरण होऊं शकते, आणि कारखानदारास उघड बोलावयास लावणारा दबावही कमी होतो. तरी आमच्या मतें निर्णय योग्यच झाला. मुक्त ज्ञानाचें मंदिर बांधावें आणि त्याच्या पायरीवरच नवागतास अडवावें, यांत मुक्ततेचा लाभ कोणासच होत नाहीं. अडविलेला मनुष्य कारखानदाराशीं भांडावयास जात नाहीं. तो निमूटपणें जुन्या प्रणालीकडे परत जातो. मात्र बंदिस्त वस्तु कोणती हें त्यास स्पष्ट सांगितलें पाहिजे. आणि डेबियननें ती वेगळ्या कप्प्यांत ठेवून तेवढी मर्यादा पाळली आहे.

या वादाच्या बाजूनेंच सुलभतेचा ओघ वाहत होता. पत्ता, आळी, वेस आणि कारकून या चारही गोष्टी यंत्रास आपोआप सांगणारी 'डीएचसीपी' पद्धति १९९३ सालींच आंखली गेली होती. ती हळूहळू घरोघर पोंचली. २००४ सालीं रेड हॅट कंपनींत 'नेटवर्क मॅनेजर' ही आज्ञावली सुरू झाली. त्याच वर्षाच्या २० ऑक्टोबर रोजीं उबुंटूची पहिली आवृत्ति निघाली. ज्यांस जोडणीच नव्हती अशांस उबुंटूची तबकडी कांहीं वर्षें टपालानें फुकट पाठविली जाई. ती सोय २०११ सालीं बंद झाली. आज बहुतेक यंत्रांवर नवशिक्यानें कोपऱ्यांतील चिन्ह दाबावें, आपल्या घरच्या जाळ्याचें नांव निवडावें, परवलीचा शब्द द्यावा, एवढेंच काम उरलें आहे.

आणि तरीही तो जुना प्रश्न अधूनमधून विचारला जातोच. कारण सोय जितकी पूर्ण, तितका ती बिघडल्यावर मनुष्य असहाय. अशा वेळीं चार गोष्टींचा जुना पाठच उपयोगीं पडतो. प्रथम यंत्राला पत्ता मिळाला आहे कीं नाहीं तें पाहावें. मग वेशीपर्यंत हांक पोंचते कां, तें पाहावें. मग बाहेरच्या एखाद्या यंत्रास अंकानें हांक मारावी. आणि शेवटीं नांवानें. अंकानें उत्तर येतें आणि नांवानें येत नाहीं, तर तार, मोडेम, वेस सर्व ठीक आहे. फक्त नांवें सांगणारा कारकून जागेवर नाहीं. पहिल्याच पायरीस अडलें, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा किंवा परवलीच्या शब्दाचा. आणि वायफायचें फर्मवेअरच नसेल, तर आपला मोबाइल तारेनें संगणकास जोडून त्याचें इंटरनेट घटकाभर उसनें घ्यावें, म्हणजे हवी ती वस्तु उतरवून घेतां येते. लग्न आणि वेड यांचा तिढा असा शेजाऱ्याच्या मदतीनें सुटतो.

त्या मोबाइलविषयीं एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करूं. २००८ सालापासून बाजारांत आलेल्या अँड्रॉइड मोबाइलांचा गाभा लिनक्सचाच आहे. म्हणजे "मला लिनक्स इंटरनेटला जोडतां येत नाहीं" असें म्हणणाऱ्या पुष्कळांच्या खिशांत जोडलेलें लिनक्स असतेंच. टोरवाल्ड्सनें आपल्या खोलींत विद्यापीठाच्या यंत्राशीं बोलावें म्हणून जें आरंभिलें, तें असें सर्वत्र पसरलें. आणि तें पसरलें याचें श्रेय जितकें आज्ञावली लिहिणाऱ्यांस, तितकेंच ज्यांनीं आपला अनुभव क्रमवार लिहून पुढच्यास दिला त्या मंडळींस आहे. तेव्हां आपल्या घरांतील एखाद्या मुलानें किंवा निवृत्त वडिलांनीं हा प्रश्न विचारला, तर हंसूं नये. शेजारीं बसावें, चार गोष्टी एकेक करून पाहाव्या, आणि सांपडलेलें उत्तर कागदावर लिहून ठेवावें. पुढल्या वेळीं तो कागद आपल्यालाच लागण्याचा संभव आहे.